एकाला एकच रेघ

"ते सहा जण कोण कोण हायेत, मॅडम? नावं सांगा की," माझ्या टेबलासमोर उभा असलेला मुलगा म्हणाला.

त्याच्या एका हातात पांढरी काठी होती आणि दुसरा हात शेजारच्या मुलीच्या खांद्यावर होता. शुक्रवारचे साडेदहा वाजले होते. मी नुकतीच खुर्चीत टेकले होते आणि चहा यायचा होता. चहाच्या आधी येणाऱ्या माणसावर मी तेव्हा हमखास खेकसायचे.

"कसले सहा?"

"आंधळे. विद्यापीठात सहाच आंधळे विद्यार्थी हायेत म्हणून तुमच्या कार्यालयानं वर कळवलंय. आज सकाळी ग्रंथपाल सरांनी पत्र वाचून दाखवलं. धापेक्षा कमी असतील तर वाचन कक्ष बंद करा म्हणायलेत. सोमवारी कुलूप लागणार. म्हणून इचारायलो, ते सहा कोण? कारण आम्ही नऊ जण तर रोज तिथं बसतो."

मुलीनं हातातलं पत्र पुढं केलं. पत्र वरच्या कार्यालयाचं होतं आणि मजकूर त्यानं सांगितला तसाच होता. खाली एक ओळ जास्तीची होती: आकडेवारीत दुरुस्ती असल्यास शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवावी. म्हणजे आमच्या शिपायानं आज संध्याकाळी पाचच्या एसटीनं निघायला हवं होतं. पत्र आठ दिवस कुणाच्या तरी टेबलावर आराम करून ग्रंथालयात पोचलं होतं, हे सांगायला नकोच.

"नाव काय तुमचं?"

"व्यंकट सोनकांबळे. राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. गाव उदगीरच्या अलीकडं."

"आणि तुम्ही?"

"हसीना इनामदार," मुलगी म्हणाली. "मराठी विभागात आहे. कक्षात या सगळ्यांना वाचून दाखवते."

हा कक्ष मला माहीत होता. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली, त्यात एक टेपरेकॉर्डर, खोकंभर कॅसेटी आणि सरकारनं नेमलेले दोन वाचक. हसीनासारखी एखादी मुलगी हौसेनं जाऊन वाचायची ती वेगळी. परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती.

"कक्ष बंद झाला तर काय कराल?" मी विचारलं. आता विचारायला नको होतं असं वाटतं.

"गावाकडं जाईन," व्यंकट म्हणाला. "तिथं मला राज्यशास्त्र कोण वाचून दाखवणार? आई सही करायलाच आत्ता शिकलीय."

मला नोकरीला अकरा महिने झाले होते. सांख्यिकी कक्षात कनिष्ठ सहायक, परिविक्षाधीन. म्हणजे कधीही घरी पाठवता येईल अशी. दरवर्षी विद्यापीठाच्या आवारातले सगळे प्रवेश अर्ज विभागवार गठ्ठे बांधून आमच्याकडं यायचे आणि आम्ही त्यातून विद्यार्थ्यांचा तक्ता बनवायचो. कोण कुठल्या वर्गातलं, कोण परराज्यातलं, अंध किती, खुले किती. प्रत्येक अर्जामागं रकान्यात एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. त्या वर्षी अठराशे सेहेचाळीस रेघा मी एकटीनं मारल्या होत्या आणि बेरीज पहिल्या फटक्यात जुळली म्हणून आमच्या अधीक्षकांनी, बोरगावकर साहेबांनी, मला त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली होती. ते कुणाला चटणी देत नसत.

मी राज्यशास्त्राचा गठ्ठा काढला. व्यंकटचा अर्ज सापडला. दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, अंध: होय. आणि पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण होती: अनुसूचित जाती. खूण माझीच होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

साहेबांचा नियम होता, एका विद्यार्थ्याला एकच रेघ. रकाने डावीकडून वाचत जायचं. पहिला अनुसूचित जाती, मग जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, अल्पसंख्याक, परराज्यातले, मग अंध आणि शेवटी खुला. जो रकाना पहिल्यांदा लागू पडेल तिथं रेघ मारायची आणि अर्ज मिटवायचा. दुसरं पान उघडायची गरजच पडायची नाही. म्हणजे अंधांच्या रकान्यापर्यंत पोचायचं तर माणूस आधीच्या सहा रकान्यांतून गळून आलेला पाहिजे. आमच्या तक्त्यात आंधळेपण फक्त खुल्या प्रवर्गातल्यांनाच येत होतं. माझ्या सहा रेघा म्हणजे एक कुलकर्णी, दोन देशमुख, एक पाटील, एक जोशी आणि एक तोष्णीवाल.

हे मी अकरा महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. बेरीज जुळल्याच्या आनंदात होते ना.

मी दोघांना घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. केबिन म्हणजे दोन कपाटांच्या मधली जागा. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं.

"बाई, नव्यानं मोजलं तर बेरीज किती येईल?"

"अठराशे सेहेचाळीसपेक्षा जास्त येईल, साहेब."

"आणि विद्यार्थी किती आहेत?"

"अठराशे सेहेचाळीस."

"मग जास्तीची माणसं कुठून आणायची?"

साहेबांनी समोरची फाइल बंद केली.

"डोईफोडे बाई, माझ्या आधीचे अधीक्षक याच खुर्चीतून निलंबित झाले. बेरीज एकूण विद्यार्थ्यांपेक्षा चाळीसनं जास्त भरली. बोगस विद्यार्थी दाखवले म्हणून चौकशी लागली. बोगस कुणी नव्हतं हो. काही माणसं दोनदा मोजली गेली होती, बस. चौकशी संपायच्या आत तो माणूस झुरून गेला. म्हणून मी हा नियम केला. बावीस वर्षं माझी बेरीज एकानंही चुकलेली नाही."

त्यांच्या आवाजात गुर्मी नव्हती, भीती होती. ती मला समजत होती कारण मलाही भीतीच वाटत होती. परिविक्षेचा एक महिना उरला होता आणि या माणसाच्या शेऱ्यावर माझी नोकरी पक्की होणार होती. मी म्हणणार होते की जाऊ द्या, साहेब. अगदी ओठावर आलं होतं.

"साहेब," व्यंकट म्हणाला, "मला कोणत्या रकान्यात घातलंय?"

"अनुसूचित जाती. पहिला रकाना."

"त्या रकान्यात आंधळं कुणी न्हाई?"

"त्या रकान्यात ते मोजलेलंच नाही."

"म्हणजे तुमच्या कागदावर मी डोळस हाय." व्यंकट म्हणाला. "मग मला दिसायला पाहिजे, साहेब. सकाळपासून बघायलो, काहीच दिसंना."

तो रागानं बोलला नाही. गावाकडं एखाद्या थोराची चेष्टा करावी तसं, हसत म्हणाला. मला हसू फुटलं आणि मी जीभ चावली. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. कपाटावरचं घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा झाले होते.

"बाई," ते म्हणाले, "सगळे गठ्ठे खाली काढा."

मग आम्ही चौघं कामाला लागलो. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. बावीस वर्षांत त्यांना स्वतः अर्ज उलटताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं शिपाई दोनदा डोकावून गेला. अर्धे अर्ज ते पाहणार, अर्धे मी. फक्त दुसरं पान. हसीना गठ्ठ्यांच्या नाड्या सोडून आमच्यापुढं ठेवत होती आणि व्यंकट तपासलेले गठ्ठे पुन्हा बांधत होता. त्याच्या गाठी माझ्यापेक्षा घट्ट बसत होत्या.

काम लवकर व्हावं म्हणून मी हसीनालाही एक गठ्ठा द्यायला गेले.

"नको मॅडम," ती चटकन म्हणाली. "सरकारी कागद हाय. माझ्या हातून काही निसटलं तर?"

मला ते पटलं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

भटक्या-विमुक्तांत गंगाधर राठोड सापडला. इतिहास विभाग. "गंगाधर न्हाई का, तांड्यावरचा," व्यंकट म्हणाला. "गाणं म्हणतो. त्याला चाल ऐकली की धडा पाठ होतो, म्हणून आम्ही सनावळ्यासुद्धा चालीत म्हणतो." जमातीच्या रकान्यातून किनवटकडचा लक्ष्मण मडावी निघाला. व्यंकट धरून तिघं झाले. आधीचे सहा आणि हे तीन, नऊ. व्यंकटला माहीत असलेले नऊ पुरे झाले आणि अजून अर्धे गठ्ठे शिल्लक होते.

"एखादा तर असंलच," व्यंकट म्हणाला. "कक्षात न येणारा. सायन्सकडं असंल बगा."

सायन्सकडं कुणी नव्हतं. वाणिज्य शाखेत एक "होय" दिसलं तेव्हा मी जवळजवळ उठून उभी राहिले, पण ते पायाच्या अपंगत्वाच्या रकान्यातलं होतं. जेवायची सुट्टी झाली आणि गेली. साहेबांनी डबा उघडलाच नाही. अधूनमधून ते एखादा अर्ज हातात धरून थांबायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. एकदा मी नीट ऐकलं. ते म्हणत होते, "बावीस वर्षांत किती गेले असतील." मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं आणि स्वतःबद्दलही. नियम त्यांचा होता, पण लाल पेन्सिल माझ्या हातात होती.

साडेतीनला शेवटचा गठ्ठा संपला. नऊ.

व्यंकटनं शेवटची गाठ मारली, गठ्ठा बाजूला सरकवला आणि हात झटकले.

"दहा लिहू या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "एकाचा तर प्रश्न आहे, साहेब. तिथं बसून कोण मोजतंय?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता माझी परिविक्षा संपली. पण ते रागावले नव्हते. त्यांच्याही मनात तेच आलं असणार, त्याशिवाय माणूस इतका वेळ घेत नाही.

उत्तर व्यंकटनं दिलं. "नको मॅडम. उद्या कुणी इचारलं, धावा कोण, तर काय सांगाल? नऊच लिहा. खरे तर नऊच हायेत." मग तो हसीनाकडं वळला. "चल. कॅसेटी तरी वाटून घेऊ पोरांत."

हसीना उठली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "एक अर्ज तुम्ही बघितला, पण त्यात चूक हाय."

"कोणाचा?"

"माझा."

मी मराठी विभागाचा गठ्ठा पुन्हा सोडला. इनामदार हसीना बेगम. अल्पसंख्याक. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, अंध: नाही.

"गरज न्हाई, हसीना," व्यंकट हळूच म्हणाला.

ती त्याच्याकडं वळली. "तुला ठाऊक हाय?"

"जुलैपासून."

"कसं काय?"

"तू वाचतीस तवा पान उलटल्याचा आवाज येत न्हाई."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू सांगितलं न्हाईस म्हणून."

हसीना बराच वेळ मांडीवरच्या हातांकडं बघत राहिली. बघत राहिली असं मला वाटलं, इतकंच. मग ती साहेबांशी बोलायला लागली आणि एकदा सुरुवात झाल्यावर थांबलीच नाही. तिला उजेड कळत होता, माणसांचे आकार कळत होते, रस्ते पायाला पाठ होते. अक्षर दिसत नव्हतं. दहावीपर्यंत मोठी बहीण वाचून दाखवायची. बहिणीचं लग्न झालं. अकरावीच्या वेळी दोन ठिकाणी अर्जात खरं लिहिलं, दोन्ही ठिकाणांहून परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी भावानं "नाही" लिहिलं आणि प्रवेश झाला. तेव्हापासून सगळीकडं "नाही." वसतिगृहातल्या तिच्या खोलीतली मुलगी मोठ्यानं वाचून अभ्यास करायची. ती वाचायची ते हसीना अंथरुणात पडल्या पडल्या पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी कक्षात वही उघडी धरून या मुलांना म्हणून दाखवायची. परीक्षेला डोळे आले आहेत असं सांगून लेखनिक मागायची. दर वेळी डोळे यायचे.

"कक्षात दुसरं कशाला जाणार मी?" ती म्हणाली. "तिथं कॅसेट लागते. वाचणारी म्हणून बसलं की ऐकायला मिळतं."

सकाळी ती दोघं दारातून आत आली ते मला आठवलं. व्यंकटचा हात तिच्या खांद्यावर होता आणि ती पुढं चालत होती. कोण कुणाला घेऊन आलं होतं, देव जाणे.

"दाखला आहे का?" साहेबांनी विचारलं.

तिनं पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून घडी घालून घालून चिरत आलेला कागद काढला. जिल्हा रुग्णालयाचा, शिक्क्यासकट. सात वर्षांपूर्वीचा. तो ती रोज बरोबर घेऊन फिरत होती आणि रोज लपवत होती.

"पण साहेब," ती म्हणाली, "हे लिहिलं की माझा प्रवेश जाईल का? मी खोटं लिहिलं होतं."

साहेबांनी तिचा अर्ज माझ्या हातातून घेतला, पहिलं पान पाहिलं.

"बी. ए. ला एकोणसत्तर टक्के आहेत तुला. प्रवेश त्याच्यावर मिळालाय. या चौकटीवर नाही. दुरुस्ती अर्ज दे, मी त्यावर शेरा मारतो. कुणी काही विचारलं तर माझ्याकडं पाठव."

"नक्की?"

"पोरी, मी बावीस वर्षं चुकीचं मोजलं आणि अजून या खुर्चीत बसलोय. तुझ्या एका शब्दाला कोण काय करणार?"

तिनं जो श्वास सोडला तो मला टेबलाच्या अलीकडं ऐकू आला. मलाही रडू येत होतं, पण तक्ता करायचा होता. साहेबांनी नवा कागद मशीनला लावायला सांगितला आणि मी टंकलेखन केलं. अंध: दहा. बेरीज: अठराशे पन्नास. एकूण विद्यार्थी: अठराशे सेहेचाळीस. बावीस वर्षांत पहिल्यांदा न जुळलेला तक्ता. साहेबांनी तो हातात घेतला. मग त्यांनी पेन काढलं आणि तळाशी स्वतःच्या अक्षरात टीप लिहिली: "बेरीज चारने जास्त आहे. चार विद्यार्थी दोन-दोन रकान्यांत येतात. ही चूक नाही." खाली सही केली, तारीख घातली आणि शिक्का इतक्या जोरात मारला की दौत हलली.

शिपाई पाकीट घेऊन पावणेपाचला स्टँडकडं धावला. पाचची गाडी त्याला मिळाली आणि सोमवारी कक्षाला कुलूप लागलं नाही. पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं की कक्ष चालू ठेवावा. चौकशी लागली नाही. माझी नोकरी पक्की झाली आणि पुढं बत्तीस वर्षं टिकली. त्यानंतरच्या प्रत्येक तक्त्यात आम्ही दुसरं पान उघडलं आणि कोणत्याही वर्षी आमची बेरीज जुळली नाही. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी पाकीट गेल्यावर आम्ही फक्त मटकन बसलो. साहेबांनी डबा उघडला आणि पोळी-चटणी चौघांत वाटली. व्यंकट म्हणाला की चटणीत मीठ कमी आहे. साहेबांनी ते ऐकून घेतलं.

जाताना हसीनाचा दुरुस्ती अर्ज राहिला होता. मी छापील कागदावर तिचं नाव, विभाग आणि मजकूर भरला आणि सहीसाठी तिच्यापुढं ठेवला. तिनं कागद हातात घेतला, सवयीनं त्यावरून नजर फिरवल्यासारखं केलं आणि पेन मागायला हात पुढं केला. मग हात तसाच थांबला. तिनं कागद मला परत दिला.

"मॅडम, वाचून दाखवता का?" ती म्हणाली. "सावकाश वाचा. मला कुणी वाचून दाखवलं त्याला लई वर्षं झाली."

अर्ज चार ओळींचा होता. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तो दोनदा वाचला.